‘ब्रेक फेल’ झाले म्हणजे नेमकं काय झालं?

घाटात ट्रक कलंडतो. उतारावरून आलेला कंटेनर पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळतो. सहलीची बस कठडा तोडून खाली जाते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं एक वाक्य मात्र ठरलेलं असतं, ‘ब्रेक फेल झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आपण वाचतो, ‘बाप रे’ म्हणतो, ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि विषय संपतो. जणू ब्रेक फेल होणं म्हणजे वीज पडणं. कोणाच्याच हातात नसलेलं, वरून आलेलं.

तसं नसतं. अवजड गाडीचे ब्रेक सहसा एका क्षणात दगा देत नाहीत. त्याआधी ते कित्येक दिवस सांगत असतात. मीटरच्या सुईने सांगतात, बझरने सांगतात, आवाजाने सांगतात. ते ऐकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती मिनिटं कोणी देत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. आणि ती मिळवून देण्यात तुमचा हात असू शकतो. तुम्ही म्हणजे कोण? आयव्हीला पन्नास जणांच्या बसने जाणारे, दिवाळीत ट्रॅव्हल्सने गावी जाणारे आणि रोज टू-व्हीलरवरून ट्रकला कट मारून पुढे घुसणारे.

त्यासाठी आधी त्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते समजून घेऊ. घाबरू नका, मेकॅनिकलला असायची गरज नाही.

हवेवर थांबणारी गाडी

तुमच्या घरच्या कारचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबलं की नळ्यांमधलं ब्रेक ऑईल दाब पुढे नेतं. एसटी, ट्रक, कंटेनर, मोठी ट्रॅव्हल्स यांचं तसं नाही. तिथे काम करते हवा. इंजिनावर चालणारा एक कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि गाडीखालच्या टाक्यांमध्ये भरतो. दाब साधारण ७ ते ८ बार. कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट-चौपट म्हणा ना.

ड्रायव्हरचा पाय थेट चाकाला थांबवत नाही, तो फक्त एक व्हॉल्व्ह उघडतो. टाकीतली हवा नळ्यांतून धावत चाकापाशी जाते. तिथे डब्यासारखा एक ब्रेक चेंबर असतो, गॅरेजमध्ये त्याला बूस्टर म्हणतात. हवा त्यातल्या रबरी पडद्याला ढकलते, पडदा एका दांड्याला ढकलतो, दांडा ‘स्लॅक अ‍ॅडजस्टर’ नावाचा हात फिरवतो आणि त्यामुळे आतले ब्रेक शू पसरून फिरत्या ड्रमवर घासतात. शूवर लायनर असतं. शेवटी गाडी थांबते ती त्या लायनरच्या घासण्याने. हवा हा फक्त निरोप्या.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, निरोप पोचायला वेळ लागतो. पेडल दाबल्यापासून चाकाला ब्रेक लागेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास जाऊ शकतो. अर्धा सेकंद काय चीज आहे? ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे अर्ध्या सेकंदात आठ मीटर. ड्रायव्हरचं लक्ष जाऊन पाय पेडलवर पोचायला एक सेकंद धरा, ते १७ मीटर. मग प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबायला, रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असतील तरी, आणखी २५-३० मीटर. बेरीज पन्नासच्या वर जाते. चार-साडेचार एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढी. ट्रकच्या पुढे दिसणारी ती मोकळी जागा, जिच्यात तुम्ही अ‍ॅक्टिव्हा घुसवता, ती मोकळी नसते. ती त्या ट्रकच्या थांबण्याची जागा असते. तुम्ही घुसलात की त्याच्याकडे थांबायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे.

हवा गेली तर गाडी थांबते!

‘हवेवर चालणारा ब्रेक, म्हणजे हवा लीक झाली की ब्रेक गेला,’ असं कोणालाही वाटेल. जॉर्ज वेस्टिंगहाऊसलाही या अडचणीने गाठलं होतं. १८६९ मध्ये त्याने रेल्वेच्या एअर ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा तो होता २२ वर्षांचा, तुमच्याच बॅचचा. त्या पहिल्या ब्रेकमध्ये नळी फुटली की सगळ्या डब्यांचा ब्रेक जायचा. तीन वर्षांनी त्याने डोकं उलटं चालवलं. हवेचा दाब आहे तोवर ब्रेक मोकळा, दाब गेला की ब्रेक आपोआप लागणार. नळी फुटली, डबे सुटले, काहीही झालं तरी गाडी थांबणार.

आजच्या बहुतेक ट्रक-बसच्या मागच्या चाकांवर हाच विचार वेगळ्या रूपात बसवलेला असतो. तिथल्या चेंबरमध्ये एक जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते. टाकीतली हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा संपत आली की स्प्रिंग सुटते आणि चाकं आवळते. ड्रायव्हर गाडी उभी करताना छोटा लिव्हर ओढतो आणि ‘फुस्स’ असा मोठा आवाज येतो ना, तो त्या स्प्रिंगची हवा सोडल्याचा आवाज. शिवाय पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या हवेची लाईन वेगळी. एक गेली तरी दुसरी शिल्लक.

मग एवढी दुहेरी-तिहेरी सोय असताना घाटात गाडी थांबत का नाही?

कारण बऱ्याचदा हवा गेलेलीच नसते. हवा आहे, निरोप पोचतोय, पण ज्याने घासायचं तो लायनर आणि ज्यावर घासायचं तो ड्रम कामातून गेलेले असतात. आणि स्प्रिंग सुटली तरी ती आवळणार कोणाला? त्याच लायनरला, त्याच ड्रमवर. मागचं दार आहे खरं, पण दोन्ही दारं त्याच खोलीत उघडतात.

बोरघाटाचं गणित

लोणावळा-खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. १६ टनांची भरलेली गाडी पाचशे मीटर खाली आणायची, तर बारावीच्या फिजिक्सचं mgh काढा. साधारण ७८ मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत माठातलं थंड नव्हे, साधं नळाचं अडीचशे लिटर पाणी उकळेल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी वाऱ्याच्या अडथळ्यात जाते, थोडी टायरमध्ये. बाकीची एक तर इंजिन खाईल, नाहीतर ब्रेक.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि इंजिन गाडीला रोखून धरतं. जुने ड्रायव्हर सांगतात, ‘ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.’ त्यामागे हे गणित आहे. एक्झॉस्ट ब्रेकही याच कामाला असतो. पण डिझेल वाचवायला ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली, की सगळा भार ब्रेकवर. सतत पाय ठेवून ड्रम तापतो. तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. दांड्याला जास्त लांब ढकलावं लागतं आणि त्याची ढकलण्याची हद्द ठरलेली असते. लायनरही तापून गुळगुळीत होतं, पकड सोडतं. जळका वास येतो, धूर येतो. ड्रायव्हर घाबरून पेडल पुन्हा पुन्हा मारतो. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते. इंजिन बंद केलेलं असेल तर कॉम्प्रेसरही बंद, नवी हवा येणारच नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं आणि पेपरात येतं, ‘ब्रेक फेल’.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड गाडीने समोरच्या गाड्यांची रांगच्या रांग ठोकली. सुरुवातीला सगळीकडे ब्रेक फेलच ऐकू येत होतं. प्राथमिक तपासात पोलिसांनी सांगितलं, की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. तिथेही आधी ब्रेक फेलचीच चर्चा. पुढे बसच्या तपासणीत ब्रेक ठीक असल्याच्या बातम्या आल्या आणि रोख वळला चालकाला त्या प्रकारच्या बसचं किती प्रशिक्षण मिळालं होतं याकडे. म्हणजे ‘ब्रेक फेल’ म्हणून आपण विषय मिटवला असता, तर खरे प्रश्न विचारलेच गेले नसते. उतारावर इंजिन बंद करायची वेळ ड्रायव्हरवर का येते? नवी गाडी हातात देताना शिकवतं कोण?

दहा-पंधरा मिनिटांची तपासणी

आता बघा, ब्रेक आधी कसे सांगतात ते.

गाडी सपाट जागेवर, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावलेला. सकाळी इंजिन चालू केलं की डॅशबोर्डवर हवेच्या दोन सुया किंवा दोन आकडे हळूहळू चढतात. दाब कमी आहे तोवर लाल दिवा आणि बझर चालू राहिला पाहिजे. हवा कमी असून बझर गप्प असेल, तर समजायचं, तो बिघडलाय किंवा ‘कटकट नको’ म्हणून कोणीतरी त्याची वायर काढलीय. दाब पूर्ण झाला की गाडीखालून ‘फुस्स’ आवाज येतो. जादा हवा बाहेर पडली, कॉम्प्रेसरने दम घेतला, सगळं ठीक. सुया चढायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा कॉम्प्रेसर थकलाय.

मग इंजिन बंद. पार्किंग ब्रेक सोडायचा, पेडल जोरात दाबून एक मिनिट धरायचं आणि सुईकडे बघायचं. दाबल्यावर सुई एकदा खाली येते ते ठीक, त्यानंतर ती जवळपास जागेवर राहिली पाहिजे. अमेरिकेत ट्रकचा परवाना काढताना ही चाचणी परीक्षकासमोर करून दाखवावी लागते. एकट्या गाडीसाठी मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त उतार चालत नाही. एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर परीक्षा दिली, तर परवान्यावर तशी नोंद होते आणि एअर ब्रेकची गाडी चालवता येत नाही. आता पेडल पुन्हा पुन्हा मारत हवा संपवायची. दाब निम्म्यावर यायच्या सुमारास बझर वाजलाच पाहिजे. आणखी खाली गेला की स्प्रिंगने चाकं आवळली पाहिजेत.

पुन्हा हवा भरून घेतली, की इंजिन बंद करून गाडीखाली वाकायचं. टाकीच्या खालचा छोटा व्हॉल्व्ह ओढला की हवेबरोबर पाणी बाहेर येतं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. एअर ड्रायर ते काढतो, पण कोकणातल्या पावसाळ्यात त्याचीही परीक्षाच असते. पाणी साठलं तर व्हॉल्व्ह गंजतात, अडकतात. पाण्याबरोबर तेल आलं, तर कॉम्प्रेसर झिजत आल्याची खूण. मग एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खडूने खूण करून चेंबरचा दांडा किती बाहेर येतो ते बघायचं. जास्त येत असेल तर लायनर झिजलंय किंवा स्लॅक अ‍ॅडजस्टर सेटिंगच्या बाहेर गेलाय. नव्या गाड्यांमध्ये तो आपोआप सेट होतो. होत नसेल, तर पाना घेऊन रोज फिरवत बसणं हा इलाज नव्हे. तो बिघडलाय, बदला. आणि मागच्या चेंबरच्या स्प्रिंगला बोल्ट लावून तिला कायमचं बांधून ठेवलेलं तर नाही ना, तेही बघायचं. बंद पडलेली गाडी हलवायला मेकॅनिक तसा बोल्ट लावतात. काढायचा राहिला, की आणीबाणीचा ब्रेक गेला.

शेवटी पार्किंग ब्रेक लावून खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघायचं. गाडी जागची हलता कामा नये.

झालं. यात रॉकेट सायन्स कुठे आहे?

मग होत का नाही?

‘गाडीचं पासिंग झालंय ना,’ असं उत्तर मिळतं. पासिंग, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी घ्यावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. चांगली गोष्ट आहे. पण सर्टिफिकेट सांगतं की त्या दिवशी ब्रेक ठीक होते. घाटात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं लायनर वर्षभर वाट बघत नाही. जानेवारीत झालेल्या हेल्थ चेकअपवर डिसेंबरचा ताप कळत नाही, तसंच हे.

दुसरं कारण पैसा. खेपेवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरसाठी उभी गाडी म्हणजे बुडालेली कमाई. ‘लायनर बदलायला हवं’ हे त्याला मालकाच्या आधी कळतं. पण खर्च मालकाचा, निर्णय मालकाचा आणि अपघात झाला तर गुन्हा आधी ड्रायव्हरवर. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा ड्रायव्हर चूकच करतो, त्यात वाद नाही. पण वाचवलेल्या डिझेलचा हिशेब त्याच्याकडून कोण मागतो, हेही विचारलं पाहिजे. ड्रायव्हरला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्या जागी ‘ही गाडी आज घाटात नेणार नाही’ म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात असेल.

आणि तिसरं कारण आपण. पहाटे पाचला निघायचं ठरलेलं असतं, आपण पावणेसहाला जमतो. मग ‘काका, चला आता, उशीर झालाय!’ ज्या पाऊण तासात काकांनी निवांत गाडी तपासली असती, त्यात ते आपली हजेरी मोजत आणि बॅगा चढवत बसतात. बस ठरवताना आपण काय बघतो? पर हेड रेट किती, एसी आहे का, साऊंड सिस्टीम कशी आहे, पुशबॅक सीट आहेत का. ब्रेकबद्दल शेवटचं कधी विचारलं होतं?

तुम्ही काय करू शकता?

कॉलेजची ट्रिप ठरवणारी कमिटी असते ना, तिच्या यादीत चार ओळी वाढवा. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट चालू आहे का, त्याची कॉपी. लायनर शेवटचं कधी बघितलं, कुठल्या गॅरेजमध्ये. वाटेत मोठा घाट असेल तर ड्रायव्हरची रात्रीची झोप झालीय का. आणि निघण्याआधी तपासणीला पंधरा मिनिटं वेळापत्रकातच. ‘अर्धा तास आधी या’ म्हणजे गाडीही आधीच आली पाहिजे. चांगल्या ड्रायव्हरला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्याला मालकाला सांगायला कारण मिळतं, ‘पार्टीने विचारलंय’. तुमचा प्रश्न त्याच्या बाजूने उभा राहतो, हे विसरू नका.

घाट उतरताना जळका वास आला, तर ‘असेल काहीतरी’ म्हणून गाण्याचा आवाज वाढवू नका. पुढे जाऊन सांगा. गाडी सुरक्षित जागी थांबवून ड्रम थंड होऊ देणं एवढंच अनेकदा पुरतं. त्यावर पाणी ओतायला मात्र जाऊ नका, तापलेला ड्रम तडकू शकतो. बझर सतत वाजत असेल तर तो ‘असाच वाजतो’ हे उत्तर मान्य करू नका. तो असाच वाजत नसतो.

मेकॅनिकल-ऑटोमोबाईलवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. परीक्षेत एअर ब्रेकची आकृती काढून सात मार्क घेणारे किती आणि खडूने दांड्याची खूण करून मोजलेले किती, हे आपल्याच वर्गात विचारून बघा. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेली, एसटीच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून राबलेली मुलं या बाबतीत डिग्रीवाल्यांना सहज शिकवतील. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आपल्याच राज्यात आहेत. पुढची आयव्ही चकाचक प्लांटऐवजी एखाद्या डेपोत का नको? खड्ड्यात उभं राहून खालून बस बघितली की मग रस्त्यावरची प्रत्येक बस वेगळी दिसते.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी एक जमेल. पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ वाचलंत, की फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न टाईप करा, ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ हवा गेली होती का? लायनर कधी बदललं होतं? गाडी कुठल्या गिअरमध्ये होती? बझर वाजला होता का? या प्रश्नांची उत्तरं कोणाकडे तरी असतात. विचारली गेली नाहीत तर ती गाडीबरोबर भंगारात जातात, आणि तसलीच दुसरी गाडी त्याच घाटात पुन्हा उतरायला लागते.